नदीला पूर आणि टाकी कोरडी

ताई, नमस्कार.
वय ४४, वजन ६४ किलो, सांगलीत बँकेत नोकरी. सहा वर्षं पळतोय. मुंबई मॅरेथॉनमध्ये पहिलं अर्धं अंतर २ तास २ मिनिटांत झालं आणि ३१व्या किलोमीटरला पाय शिशाचे झाले. शेवटी ४ तास २७ मिनिटं लागली. आमच्या ग्रुपमधला एक मित्र म्हणतो, तुझं शरीर साखरेवर चालतंय, त्याला चरबीवर चालायला शिकव. त्यानं यादीही दिली. फिश ऑइलच्या रोज तीन कॅप्सूल, लाँग रनच्या आधी काळ्या कॉफीत दोन टेबलस्पून एमसीटी तेल, शिवाय सीएलए आणि एल-कार्निटिन. महिन्याचा खर्च ५,८०० रुपये. कॉफीत तेल घालून दोनदा पळालो, तरतरी आली हे खरं. अडचण अशी की आमचं घर माळकऱ्यांचं. मित्र म्हणतो कॅप्सूल म्हणजे औषध, चालतं. बायको म्हणते जवसाची चटणी खा की. तेल पोटात गेल्यानं खरंच दम वाढतो का? पुढच्या जानेवारीत चार तासांच्या आत यायचंय. (वाटेत घ्यायचं साखरेचं जेल मला फार गोड लागतं. मागच्या वेळी एकच घेतलं. पहाटे पोट जड नको म्हणून नुसतं पाणी पिऊन उभा राहिलो होतो.) फिश ऑइलचा मोठा डबा घेऊन ठेवलाय, अजून उघडलेला नाही. नाहीच घेतलं तर वडिलांना देईन, त्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित असतात आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे.
— धावता माळकरी, सांगली

नमस्कार.

आधी त्या डब्याचं बोलू. तो वडिलांना देऊ नका. माशाचं तेल हृदयाला चांगलं, हे आपण इतक्या वेळा ऐकलंय की कुणी विचारतही नाही, कुठल्या हृदयाला आणि किती. गेल्या काही वर्षांत हजारो रुग्णांवर मोठ्या चाचण्या झाल्या. त्यांत माशाच्या तेलातलं ओमेगा-३ जास्त मात्रेत घेणाऱ्यांमध्ये एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोक्यांची लय बिघडण्याचा आजार, थोडा जास्त दिसला. दिवसाला एक ग्रॅमच्या वर गेलं की ही वाढ ठळक होते. वडिलांचं दुखणं याच जातीचं असावं असं तुमच्या वर्णनावरून वाटतं, आणि त्यात रक्त पातळ करायची गोळी. त्यांच्या डॉक्टरांनी लिहून दिलं तर गोष्ट निराळी, मुलानं उरलंय म्हणून दिलं असं व्हायला नको. आणि तुम्ही स्वतः एकदा ईसीजी काढून घ्या. वर्षानुवर्षं लांब पल्ल्याचा व्यायाम करणाऱ्या पुरुषांमध्ये हा त्रास इतरांपेक्षा जास्त आढळतो, आणि तुमच्या तर घरातच आहे. घाबरायचं काही कारण नाही, पण मॅरेथॉनची फी भरण्याआधी हे काम उरकून टाका.

आता ३१व्या किलोमीटरकडे येऊ.

तुमच्या ६४ किलोत अकरा-बारा किलो चरबी धरू. बारीक माणसातही एवढी असतेच. किलोभर चरबीत साधारण ७,७०० कॅलरी, म्हणजे सगळी मिळून ८५ हजारांच्या घरात. मॅरेथॉनला किती लागतात? पळणाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे, किलो वजनामागे किलोमीटरला एक कॅलरी. तुमच्यासाठी २,७०० झाल्या. म्हणजे कृष्णा आयर्विन पुलाखाली फुगून वाहते आहे, आणि मित्राचा सल्ला असा की तिच्यात आणखी तांब्याभर ओत. दोन टेबलस्पून तेलाच्या कॅलरी भरतात सव्वादोनशे.

तुमचं शेत वाळलं ते नदीत पाणी नव्हतं म्हणून नाही. नदीवरची मोटर लहान आहे. चरबी आधी तिच्या पेशीतून सुटते, रक्तात अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला धरून स्नायूपर्यंत पोचते, तिथं कार्निटिनच्या होडीत बसून पेशीच्या भट्टीत, मायटोकॉन्ड्रियात जाते आणि मग जळते. प्रत्येक घाटावर रांग. त्यात चरबी जाळायला प्राणवायू जास्त लागतो. लिटरभर प्राणवायूवर साखर जाळली तर पाच कॅलरी मिळतात, चरबी जाळली तर पावणेपाचही नाहीत. आरामात बसलेल्या माणसाला याचं काय! पण दम लागलेल्याला प्रत्येक श्वास मोजून मिळतो, तिथं हा सहा-सात टक्क्यांचा फरक चांगलाच टोचतो.

म्हणून शरीरानं गच्चीवर एक टाकी ठेवली आहे, ग्लायकोजेनची, म्हणजे साठवलेल्या साखरेची. स्नायू आणि यकृत मिळून चारशे-पाचशे ग्रॅम, म्हणजे १,६०० ते २,००० कॅलरी. तोटी उघडली की धो धो येतं, पण टाकी ती टाकीच. तुम्ही ती रात्रभराच्या उपवासानं यकृताच्या बाजूनं अर्धीमुर्धी केलीत, पहाटे पाण्यावर उभे राहिलात, पहिले २१ किलोमीटर किलोमीटरला पावणेसहा मिनिटांच्या पेसनं तोटी पूर्ण सोडून पळालात आणि वाटेत परत काय भरलंत? एक जेल. २५ ग्रॅम साखर. साडेचार तासांत! अहो, एकादशीलाही आपण याहून जास्त खातो.

तुमच्या घरात वारी आहे, म्हणून मित्राला उत्तर वारीतूनच देते. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर. सत्तरीची आजी डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन दिवे घाट चढते, कुठलंही जेल न घेता. कसं? ती चालते. त्या गतीला स्नायूंना ऊर्जा लागते ती मुख्यतः चरबीतून भागते, मोटर आरामात पुरते, नदी आटायचा प्रश्नच नाही. मित्र ज्याला 'चरबीवर चालणं' म्हणतो ते हेच, आणि ते अगदी खरं आहे. फक्त चालण्याच्या गतीला खरं आहे. गती वाढत गेली की चरबीचा वाटा एका टप्प्यापर्यंत वाढतो, मग घसरतो, आणि तुमच्या शर्यतीच्या पेसला निम्म्याहून जास्त भार टाकीवर असतो. (आणि वारीतही दर विसाव्याला पंगत बसते, हे मित्राला आवर्जून सांगा.)

पण मग शरीराला जास्त चरबी जाळायला शिकवलं तर? शिकवता येतं. इतकं येतं की आकडे पाहून थक्क व्हावं. लुईस बर्क या ऑस्ट्रेलियन आहारतज्ज्ञ बाईंनी जागतिक दर्जाच्या रेस वॉकर्सना, म्हणजे चालण्याच्या शर्यतीतल्या खेळाडूंना, कॅनबेराच्या शिबिरात तीन आठवडे ठेवलं. काहींना भरपूर कर्बोदकं, काहींना आलटून पालटून, काहींना जवळजवळ निव्वळ चरबीचा आहार. २०१७ साली निष्कर्ष छापून आले. चरबीवाले खेळाडू मिनिटाला दीड ग्रॅमहून जास्त चरबी जाळायला लागले होते. तरी १० किलोमीटरच्या शर्यतीत कर्बोदकं खाणारे दोन्ही गट शिबिरानंतर पाच-सहा टक्के वेगवान झाले, आणि चरबीवाले होते तिथंच राहिले, उलट किंचित मागेच. सराव तोच, तरी. त्याच गतीला त्यांना आता जास्त प्राणवायू लागत होता. चरबी जाळणं आणि वेगानं पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यापेक्षा स्पष्ट कुणी दाखवलेलं मला माहीत नाही.

एमसीटीचं प्रकरण जरा मजेशीर आहे, त्यावर थोडी रेंगाळते. खोबरेल किंवा पामच्या गाभ्याच्या तेलातून मध्यम साखळीची, म्हणजे नेहमीपेक्षा आखूड, आठ आणि दहा कार्बनची मेदाम्लं (चरबीचे घटक) वेगळी काढतात, ते हे तेल. (घरचं खोबरेल म्हणजे एमसीटी नव्हे. त्यातला जवळपास निम्मा भाग बारा कार्बनच्या लॉरिक आम्लाचा असतो, तो बराचसा नेहमीच्या तेलासारखाच वागतो.) ही आखूड मेदाम्लं आतड्यातून थेट यकृताकडे जातात आणि त्यांना कार्निटिनच्या होडीचीही फारशी गरज नसते. म्हणजे रांग चुकवून आत! शास्त्रज्ञांना मोह पडला नसता तरच नवल. १९९६ साली केप टाऊनमध्ये सहा सायकलपटूंना दोन तास सायकल मारायला लावून मग ४० किलोमीटरची वेळ घेतली. साखरेच्या पाण्यात एमसीटी मिसळून दिल्यावर वेळ अडीच टक्क्यांनी सुधारली. या एका निष्कर्षावर आजही बाटल्या विकल्या जातात. त्याच प्रयोगात साखर काढून नुसतं एमसीटी दिलं तेव्हा तेच सायकलपटू आठेक टक्के मागे पडले, ते मात्र बाटलीवर छापत नाहीत. नंतर १९९८ साली नेदरलँड्समध्ये ८५ ग्रॅम एमसीटी देऊन पाहिलं, तर पोटं बिघडली आणि कामगिरी घसरली. २००५ मध्ये केप टाऊनकरांनी स्वतःच साडेचार तासांच्या सायकलिंगनंतरची शेवटची धाव तपासली. तिथंही एमसीटीवाले मागेच राहिले.

अडचण पोटाची आहे. तीसेक ग्रॅमच्या पुढं बहुतेकांचं आतडं बंड करतं, आणि तीस ग्रॅमनं काही बदलत नाही. मी हे वाचून सांगतेय असं समजू नका. काही वर्षांपूर्वी मीही एका रविवारी पहाटे तीन चमचे घेऊन कात्रजच्या जुन्या घाटात २४ किलोमीटरला निघाले होते. नवव्या किलोमीटरला कळ आली. पुढचं लिहीत नाही. जुन्या घाटात झाडी बरी आहे, एवढंच सांगते.

तुम्हाला दोनदा तरतरी आली म्हणता. येणारच! कॉफी होती ना ती. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१८ साली सगळी पूरकं चाळून, कामगिरी थेट वाढवतात असा भक्कम पुरावा असलेली पाचच नावं ठेवली. कॅफीन, क्रिएटिन, नायट्रेट, बीटा-अ‍ॅलनिन आणि खायचा सोडा. यात मेदाम्ल एकही नाही, कॅफीन मात्र पहिल्या पंगतीला. किलोमागे ३ मिलिग्रॅम म्हणजे तुम्हाला १९० मिलिग्रॅमच्या आसपास, दोन चांगल्या कडक कॉफी. कष्ट कॉफीनं केले आणि सत्कार तेलाचा झाला.

सीएलए आणि कार्निटिन लवकर उरकते. सीएलए हेही एक मेदाम्लच. त्यानं उंदरांची चरबी चांगली कमी झाली. माणसांची नाममात्र, आणि दम वाढल्याचं काही खात्रीचं नाही. दुधातुपात ते थोडं असतंच. कार्निटिनची होडी खरी आहे, पण शरीर ती स्वतः बांधतं, आणि नुसत्या गोळ्या गिळून स्नायूंतल्या होड्या वाढत नाहीत. हे दोन्ही यादीतून खोडा.

राहिलं फिश ऑइल, आणि तुमची माळ.

या तेलातली ईपीए आणि डीएचए ही मेदाम्लं इंधन नव्हेत, वंगण आहेत. आठवड्यागणिक ती पेशींच्या आवरणात जाऊन बसतात, हृदयाच्या स्नायूच्याही. २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या वॉलोंगाँगच्या संशोधकांनी सोळा कसलेल्या सायकलपटूंपैकी काहींना आठ आठवडे रोज ८ ग्रॅम फिश ऑइल दिलं, बाकीच्यांना ऑलिव्ह तेल. फिश ऑइलवाल्यांचा व्यायामातला हृदयाचा ठोका उतरला, त्याच श्रमाला प्राणवायूही कमी लागला. ऐकायला फार छान. पण दमून थांबेपर्यंतची वेळ? तेवढीच राहिली. पळून आल्यावरच्या पायदुखीत थोडा आराम पडतो असं काही प्रयोग म्हणतात, काही म्हणत नाहीत. माझं मत विचाराल तर आहारात ओमेगा-३ अजिबात नसेल तर ते यायला हवं, घड्याळासाठी नव्हे, एकूण तब्येतीसाठी. आणि तुमच्या घरातली ठोक्यांची गोष्ट पाहता मोठी मात्रा नकोच.

माळेबद्दल मित्राशी मी सहमत नाही. औषध म्हणून चालतं की नाही, हे औषधाची गरज असेल तेव्हा ठरवायचं, आणि इथं गरजच नाही. शिवाय मासा तरी हे तेल कुठून आणतो? समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळातून. तेच शेवाळ टाक्यांत वाढवून काढलेलं तेल आता आपल्याकडेही मिळतं. दिवसाला ईपीए-डीएचए मिळून २५० ते ५०० मिलिग्रॅम बस झालं. घेताना दोन गोष्टी पाहा. एक, हिरवा ठिपका. कारण तेल शेवाळाचं आणि कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचं, असंही असू शकतं. दुसरं, पुढचा मोठा आकडा सोडून मागची बारीक अक्षरं वाचा. फिश ऑइलच्या '१००० मिलिग्रॅम'च्या साध्या कॅप्सूलमध्ये कामाचं ईपीए-डीएचए बहुतेक वेळा ३००च मिलिग्रॅम असतं, बाकीचं नुसतं तेल.

वहिनींचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे. जवसात एएलए नावाचं ओमेगा-३ भरपूर असतं, मोठा चमचाभर जवसाच्या कुटात दिवसाची गरज भागते. त्यातलं थोडंच शरीर ईपीएमध्ये बदलू शकतं, आणि डीएचएपर्यंत तर अगदीच कमी पोचतं, म्हणून चटणी शेवाळाच्या तेलाची पूर्ण जागा घेत नाही. तरी चटणी रोज खा. फक्त जवस कुटलेले हवेत. अख्खे गिळले तर जसे गेले तसेच बाहेर येतात. जवसाचं तेल फोडणीला वापरू नका. आणि वजन उतरवायच्या नादात दाण्याचा कूट, तीळ, भाकरीवरचं तूप बंद केलं असेल तर ते सुरू करा. चरबी शत्रू नाही, तिच्याकडून शर्यतीतल्या वेगाची अपेक्षा ठेवू नका एवढंच.

मोटर मोठी करायची असेल तर ती सावकाश, लांब किलोमीटरांनी होते. बोलता येईल अशा गतीनं पळा, आठवड्यातले बहुतेक किलोमीटर असेच. मायटोकॉन्ड्रिया त्यानंच वाढतात, आणि मग शर्यतीच्या पेसलाही चरबीचा वाटा थोडा वर सरकतो. आठवड्यात एखादं तासाभराचं हलकं पळणं उपाशीपोटी झालं तर हरकत नाही. तीस किलोमीटर उपाशीपोटी नको.

टाकी भरायचं काम आदल्या दीड-दोन दिवसांत करायचं. भाकरी आणि उसळी त्या दोन दिवसांपुरत्या बाजूला, कारण चोथा नको. भात, गूळ, केळी, साबुदाणा. खिचडीत कूट आणि तूप हात आखडून घाला, नाहीतर परत तेलच जास्त होतं. पहाटे सुटायच्या अडीच-तीन तास आधी उठून दोन केळी आणि मध लावलेले ब्रेडचे तीन-चार स्लाइस खा. झोप मोडते, मान्य. पण मॅरेथॉनच्या आदल्या रात्री तशी झोप कुणाला लागते!

आणि वाटेत? तुम्ही सांगलीत राहता आणि गोड जेलची तक्रार मला लिहिता, याचं मला हसू आलं. तासगावचा बेदाणा तुमच्या उशाशी आहे. २०१२ साली कॅलिफोर्नियात अकरा धावपटूंना ८० मिनिटं पळवून मग ५ किलोमीटरची शर्यत लावली. एकदा नुसतं पाणी, एकदा खेळाडूंसाठी बनवलेल्या महागड्या गोळ्या, एकदा बेदाणे. पाण्यापेक्षा बाकीच्या दोन्हींनी मिनिटभर वाचवलं, आणि गोळ्या-बेदाण्यांत फरक काहीच निघाला नाही. मूठभर, ३०-३५ ग्रॅम बेदाण्यात २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे तुमचं ते एक जेल. अर्ध्या तासानं सुरू करा आणि दर पस्तीस-चाळीस मिनिटांनी एक मूठ, पाण्याबरोबर. पंचवीसेक किलोमीटरनंतर चावायचा कंटाळा येतो, तोंड कोरडं पडतं. तिथून ग्लुकोजचं पाणी किंवा जेल घ्या. जेल पाण्याबरोबरच घ्या, गोडपणा निम्मा होतो. एकूण तासाला ४० ग्रॅमच्या आसपास पोचलात तरी बाजी निम्मी जिंकलीत. ओआरएसला मात्र खाणं समजू नका, लिटरभर ओआरएसमध्ये ग्लुकोज साडेतेरा ग्रॅमच असतं. हे सगळं आधी चार-पाच लाँग रनमध्ये करून पाहा. आतड्यालाही सराव लागतो, आणि बेदाण्यातला चोथा काहींना सोसत नाही. ते तुम्हाला यवतेश्वरच्या घाटात कळलेलं बरं, पेडर रोडच्या चढावर नको.

चार तासांबद्दल खरं सांगू? येत्या जानेवारीत नको. पहिल्या किलोमीटरपासून ६ मिनिटं ५ सेकंदांचा पेस धरा. सुरुवातीला लोक तुम्हाला ओलांडून जातील, जाऊ द्या. तो शेवटपर्यंत टिकला तर ४ तास १७ मिनिटं होतात, म्हणजे दहा मिनिटं वाचली, आणि एक रुपयाचं तेल लागलं नाही. पूर्वार्ध आणि उत्तरार्ध यांत पाच मिनिटांहून कमी फरक पडला तर त्याच्या पुढच्या वर्षी चार तासांचं बोलू.

डबा अजून उघडलेला नाही ना? मग पावती शोधा आणि दुकानदार परत घेतो का ते उद्याच विचारा.